मिनिटाला पंधरा श्वास

घरात कुणीही नसताना घराचा निरोप घेऊन बाहेर पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळी दहाच्या सुमारास काका पायात चपला सरकवायचे, छत्री काखेत मारायचे आणि उंबऱ्यात उभं राहून, आत तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "येतो वं मी. दार लावून घेजो."

आत कुणी नसायचं. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दाराला बाहेरून कुलूप त्यांनी कधी लावलं नाही. ओढलं की आपोआप बसणारं लॅच त्यांनी स्वतः बसवलं होतं. बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे 'घरी कोणी नाही' अशी पाटी, असं त्यांचं म्हणणं. पायरीवर काकूंच्या चपला असत आणि रोज त्यांची जागा थोडी बदललेली असे. काकूंची चार पातळं त्यांनी जपून ठेवली होती. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की त्यातलं एक धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घालायचं, संध्याकाळी घडी करून आत न्यायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं. कामरगावात लोक त्यांना सटकेल म्हणायचे. बायको गेल्यानं डोक्यावर परिणाम झाला, असं शेजारच्या बाया हळहळून सांगायच्या. मीही पहिले सहा महिने तेच समजत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

मी त्यांचा भाडेकरू. रस्त्याकडची खोली माझ्याकडे होती. एके काळी तिथे त्यांचा एसटीडी बूथ होता. काचेची केबिन अजून कोपऱ्यात तशीच उभी होती आणि मी तिच्यात माझे शर्ट टांगायचो. कारंज्याहून रोज येण्यापेक्षा बरं म्हणून मी ती खोली घेतली होती, कारण कामरगाव, धनज आणि पुढे मानोऱ्यापर्यंत एका कंपनीचे डबे बसवण्याचं काम मला मिळालं होतं.

हा डबा काय करायचा ते सांगायला हवं. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर तो लक्ष ठेवायचा, तेही कॅमेऱ्याशिवाय. अंगावर काही बांधायचं नाही, बटण दाबायचं नाही. वायफायच्या लहरी खोलीभर पसरलेल्या असतात. माणूस हलला की त्या डळमळतात, आणि त्या डळमळण्यावरून डब्याला कळतं की माणूस चालतोय, पडलाय, की झोपलाय. निजलेल्या माणसाची छाती वरखाली होते तेवढंसुद्धा त्याला कळतं. मुलं पुण्याला, आईबाप इकडे. मुलांच्या फोनवर एक हिरवा ठिपका आणि त्याखाली मिनिटाला किती श्वास चालू आहेत तो आकडा. माणूस पडला किंवा निजलेल्याचा श्वास थांबला की ठिपका लाल होऊन मुलांच्या फोनवर भोंगा वाजायचा आणि माझ्याही.

काकांच्या घरी डबा बसवायला त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. ती पुण्याला नोकरीला होती आणि एकुलती एक होती. काकू गेल्या तेव्हा तिला कळलं दुसऱ्या दिवशी, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "दादा, बाबाले काही झालं तं मले त्याच घडीले कळलं पाह्यजे. बाकी मले काही नको."

काकांनी डब्याला हात न लावता त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. बूथच्या आधी ते रेडिओ दुरुस्त करत, त्यामुळे लहरी, एरिअल, अर्थिंग हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, फक्त त्यांनी ते मला अजून दाखवलं नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ह्या लहरी भिताडापाशी थांबतेत का?"

मी म्हटलं, नाही, भिंतीपलीकडेही थोड्या जातात.

"मंग तुमचा डबा एकटाच कायले पाहीन? गल्लीतला माणूसबी पाहीन ना."

मी हसून सोडून दिलं. कंपनीनं आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यात गल्लीतल्या माणसाविषयी काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी एका रविवारी दुपारी त्यांनी मला माझ्याच खोलीत जायला सांगितलं. दार-खिडकी बंद करा, अर्धा तास पाहिजे ते करा, मी बाहेर ओट्यावर बसतो. त्यांच्या हातात एक साबणाचा डबा होता. त्यात काय आहे ते मला ओळखू आलं, कारण त्यातली वायफायची चिप मीच त्यांना कारंज्याहून आणून दिली होती, रेडिओ करायचा आहे म्हणाले म्हणून. तिला त्यांनी जुन्या रेडिओतला काटा जोडला होता. पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा काट्यावर त्यांचा विश्वास जास्त. माझ्या खोलीत कंपनीचा एक डबा चाचणीसाठी चालूच असायचा.

मी आत गेलो. आधी बसलो. मग उठून पेटीतून आईचा फोटो काढला. तिला जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या सगळ्या धावपळीत मला रडायला वेळच मिळाला नव्हता. बंद खोलीत अर्धा तास मोकळा मिळाला आणि कसा कोण जाणे, बांध फुटला. आवाज होऊ नये म्हणून उशी तोंडावर घेतली होती.

बाहेर आलो तेव्हा काका काट्याकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहत होते. ते म्हणाले, तुम्ही आधी बसला, मग उठून भिंतीपाशी गेला, वाकला, मग आडवे झालात. नंतर हळू आवाजात विचारलं, "रडून राह्यले होते का, बाप्पा? काटा लय थरथरत होता."

मला राग आला. कुणी कपडे उतरवून पाहावं तसा राग. त्यांनी तो येऊ दिला आणि मग चहा टाकला. चहा पिताना म्हणाले की मी तुमची परवानगी घेऊन बसलो होतो, गल्लीतला माणूस विचारणार नाही. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, ती केव्हा निजते, कोणतं घर रिकामं आहे, हे सगळं त्याला उभ्या जीपमध्ये बसून कळेल.

मी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं की डब्यातून निघणारी सगळी माहिती सांकेतिक रूपात जाते, ती कुणालाही वाचता येत नाही, काळजी नसावी. मी ते काकांना वाचून दाखवलं.

"पाकीट बंद हाये, हे खरं," ते म्हणाले. "पण पोस्टमनची सायकल कोणाच्या दारी थांबली, हे तं गल्लीले दिसतेच ना."

मी पुन्हा लिहिलं की माहितीला कुलूप आहे, पण लहरींच्या डळमळण्याला नाही. त्यावर, पुढच्या आवृत्तीत विचार करू, असं उत्तर आलं. ती आवृत्ती अजून आलेली नाही. मी डबे बसवत राहिलो.

काकांना या गोष्टीची एवढी धास्ती का, हे मला बरंच उशिरा कळलं. एकदा मी केबिनमधून शर्ट काढत होतो आणि ते दारात येऊन उभे राहिले. केबिनकडे पाहत, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी सगळं सांगितलं.

बूथ जोरात होता तेव्हाची गोष्ट. काचेबाहेर माणसांची रांग, आत लाल आकड्यांचं मीटर. काकांच्या टेबलाखाली एक दुसरा रिसीव्हर जोडलेला होता, लाइन बिघडली तर तपासायला म्हणून. पण दिवसभर खुर्चीत बसून माणूस करणार काय? ते ऐकत. गावातल्या कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा भाऊ कुठे आजारी आहे, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी कधी कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाला धमकावलं नाही. फक्त चहाच्या टपरीवर, चारचौघांत, बोलता बोलता बोलून गेले की सतरंजीवाल्यांच्या घरचे सगळे लग्नाला हैदराबादला चालले, चार दिवस घर बंद आहे. त्या घरच्या मुलानं ते बूथमधूनच पाव्हण्यांना कळवलं होतं.

घर बंद नव्हतं. बूढी अम्माला गुडघ्यांमुळे जाता आलं नव्हतं आणि ती मागच्या खोलीत होती. फोनवर ते कुणी बोललं नव्हतं, म्हणून काकांनाही ठाऊक नव्हतं. रिकामं घर समजून जे आत शिरले त्यांना ती दिसली, ती ओरडली, त्यांनी तिला ढकललं. खुब्याचं हाड मोडून ती महिनाभर पडून राहिली आणि गेली. चोर सापडले नाहीत. टपरीवरचं ते बोलणं कुणाच्या कानावर गेलं, हेही कधी कळलं नाही.

"त्याईचा पोरगा अजून भेटला की सलाम करते," काका म्हणाले. "चाचा, तबियत कैसी हाय, म्हन्ते. म्या त्याले सांगतलं नाई. कोणालेच नाई सांगतलं."

पुढच्याच महिन्यात त्यांनी बूथ बंद केला. मोबाइल यायला अजून बरीच वर्षं होती. चालता धंदा काहून बंद केला, म्हणून गावानं तेव्हाही त्यांना सटकेल म्हटलं होतं.

त्यांनी त्या घराला सांगितलं नाही, हा मला तेव्हा भित्रेपणा वाटला. आता मला तसं म्हणायचा हक्क राहिलेला नाही.

हे ऐकल्यावर पातळं, चपला, उंबऱ्यातला निरोप, सगळं माझ्या डोळ्यांसमोर नीट बसलं. काकूंच्या आठवणीचा त्यात भाग असेल, पण मुख्य गोष्ट वेगळी होती. घर रिकामं आहे हे बाहेरच्या कुणाला कळता कामा नये, एवढीच त्यांची धडपड होती. आणि मुलीची धडपड अशी, की बापाचं काय चाललंय ते तिला क्षणोक्षणी कळलं पाहिजे. एकाच घराच्या त्याच चार भिंतींत ह्या दोन्ही गोष्टी मला बसवायच्या होत्या.

काकांनी आधी पत्रे ठोकले. गोडेतेलाचे रिकामे डबे कापून, सपाट करून, निजायची खोली, मागची खोली आणि दारापासून तिथपर्यंतचा बोळ आतून मढवला, वरून कोंबड्यांची जाळी मारली आणि तिला अर्थिंगची तार दिली. घर आतून शेंगदाणा तेलाच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. गल्लीत नेऊन पाहिलेला काटा थंड पडला. पण आमचा डबाही अर्ध्या घराला आंधळा झाला आणि मुलीच्या फोनवरचा ठिपका राखाडी. ती मला फोन करून रडली. मग मी मध्यस्थी केली. निजायच्या आणि मागच्या खोलीतले पत्रे त्यांनी काढले, बोळातले ठेवले. बोळात कोण किती वेळ थांबतो, असं मीच म्हणालो.

मग त्यांनी मला विचारलं, निजलेला माणूस मिनिटाला किती श्वास घेतो.

मी सांगितलं, बारा ते अठरा, माणसामाणसावर आहे.

आठवड्याभरात त्यांनी ते यंत्र केलं. भंगारातल्या जीपची वायपरची मोटर, तिला दोन दातेरी चाकं लावून वेग कमी केलेला, आणि तिच्या दांड्यावर छातीएवढा पत्र्याचा तुकडा. मागच्या खोलीतल्या खाटेवर ते निजवलं की पत्रा बोटभर वर यायचा, बोटभर खाली जायचा. ते बाहेर जाताना सुरू करायचं, म्हणजे गल्लीत बसलेल्याला वाटेल की आत कुणीतरी निजलंय. मोटर जीपच्याच बॅटरीवर चालायची आणि आमचा डबाही त्याच बॅटरीवर, त्यामुळे लाइट गेली तरी दोन्ही चालू.

मी तेव्हा काय केलं ते लपवून उपयोग नाही. मी फोन हातात धरून खाटेपाशी बसलो आणि त्यांना वेग जुळवून दिला. आधी बावीस दाखवत होता, मी म्हटलं कमी करा. मग अकरा. करता करता पंधरावर आणला. ठिपका हिरवागार. माझ्याच कंपनीचा डबा एका पत्र्याला माणूस समजत होता आणि मला त्याची गंमत वाटत होती. मी काकांना टाळी दिली. एक अट मात्र घातली, की घरी आल्यावर पहिलं काम मोटर बंद करायची. त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. मुलीला यातलं काही सांगितलं नाही, ती उगाच घाबरली असती. कंपनीलाही नाही, माझी नोकरी गेली असती.

त्या दिवसापासून निरोपाचा क्रम असा झाला, की मागच्या खोलीच्या दारालगत, खाली बॅटरीवर बसवलेलं बटण दाबायचं, बोळातून दाराशी यायचं, चपला घालायच्या, "येतो वं मी. दार लावून घेजो."

सोयाबीन काढणीचे दिवस होते. अख्खी गल्ली सकाळी शेतात जायची. मी मानोऱ्याकडच्या तांड्यांवर डबे बसवायला चार दिवसांसाठी गेलो होतो. रोज जेवताना सगळ्या घरांचे ठिपके पाहायची माझी सवय होती. काकांचा हिरवा, पंधरा. संध्याकाळी हिरवा, पंधरा. दुसऱ्या दिवशीही तेच. बरं वाटलं, म्हातारा आराम करतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरीचा घास हातात असताना माझ्या लक्षात आलं, की जिवंत माणसाचा आकडा असा राहत नाही. तो चौदा होतो, सतरा होतो, कूस बदलली की पुसला जातो, उठून पाणी प्यायला गेला की नुसती हालचाल दिसते. मी मागचे सगळे तास उलगडून पाहिले. परवा सकाळी सव्वादहापासून पंधरा. एकदाही सोळा नाही.

त्यांचा फोन वाजून बंद झाला. मग शेजारच्या मावशींना लावला. त्या नुकत्याच शेतातून आल्या होत्या. म्हणाल्या, काका तर परवाच कुठेतरी गेले, मी शेतात निघतानाच ऐकलं ना त्यांना 'येतो वं' म्हणताना. मी त्यांना अंगणात पाहायला सांगितलं, तारेवर पातळ कोणतं आहे. त्या जाऊन पाहून आल्या.

"हिरवंच हाये," त्या म्हणाल्या. "परवाचंच. उचललं नाई त्याईनं." मग म्हणाल्या, "बापू, 'येतो वं' म्हटल्यावरबी मले आवाज आला होता. 'अवं ए, अवं ए' असा. मले वाटलं, बोलून राह्यले बुढीसंग, नेहमीसारखे."

मिळाली त्या जीपनं मी निघालो. गल्लीत चार माणसं दारापाशी जमली होती, पण लॅच आतून बसलेलं आणि दुसरी किल्ली माझ्याकडेच. दार उघडलं तसा वास अंगावर आला. मावशी मागे सरकल्या. मी एकटाच आत गेलो.

छत्री दाराशी पडली होती आणि एक चप्पलही तिथेच. काका बोळात होते, दोन्हीकडून पत्र्यांनी मढवलेल्या त्या बोळात, जिथे आमच्या डब्याला काही दिसत नव्हतं. ते उंबऱ्यातून आत कोसळले असणार आणि धक्क्यानं दार ओढलं जाऊन लॅच बसलं असणार. पण तिथे राहिले नव्हते. दार हाताच्या अंतरावर असताना ते उलट्या दिशेला, मागच्या खोलीकडे सरपटत गेले होते. जमिनीवर धोतराचा आणि टाचेचा माग होता. दुसरी चप्पल मधेच निघाली होती. उजवा हात पुढे ताणलेला होता, आणि त्या हातापासून मोटरचं बटण वीतभर लांब होतं.

ते तिकडे का गेले, हे मी सोडून जगात कुणालाच कळणार नव्हतं. हाक मारून पाहिली होती, पण त्यांच्या हाकेला गल्लीत कुणी हाक समजत नव्हतं. मोटर बंद झाली असती तर ठिपका लाल झाला असता, पुण्याला भोंगा वाजला असता, मानोऱ्यात माझ्या खिशात वाजला असता. ओरडायचा तेवढा एकच मार्ग त्यांना उरला होता आणि तो आम्ही दोघांनी मिळून पंधरावर जुळवून ठेवला होता. डॉक्टर नंतर म्हणाले की पडल्यावर ते बराच वेळ जिवंत असावेत. मी नक्की किती, ते विचारलं नाही.

खाटेवर पत्रा वर येत होता, खाली जात होता. मी बोळातच बटणापाशी बसलो, जिथे मीही डब्याला दिसत नव्हतो. पुण्याला त्या घडीला त्यांच्या मुलीचा बाप जिवंत होता, आणि मी ते बटण दाबेपर्यंत जिवंत राहणार होता. आधी तिला फोन करून नीट सांगायला हवं होतं. दोनदा नंबर लावला, दोनदा कापला. जे मला सांगता आलं नाही, ते मी त्या डब्याला सांगायला लावलं. हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

पत्रा मधेच थांबला. खात्री करायला डबा एक मिनिट घेतो. ते मिनिट मी मोजलं. मग माझ्या खिशात भोंगा वाजला. श्वास आढळत नाही, ताबडतोब पोहोचा, असं पडद्यावर आलं होतं. तो बंद करायच्या आतच तिचा फोन आला.

"दादा, बाबाचा ठिपका लाल झाला. तुमी लवकर जाऊन पाह्यता का? आत्ता एका मिनिटाआधी चांगले निजले होते, दादा. मी पाहूनच राह्यली होती."

मी त्यांच्या उशाशी बसलेलो होतो.

"हो," मी म्हटलं. "निघतो."